वालचंद हिराचंद : लिंबाखालच्या फार्गोच्या निमित्ताने

आमच्या आखाड्यावर लिंबाच्या झाडाखाली एक फार्गो ट्रक उभा असे. मी जन्मलो त्याच्या कितीतरी आधीपासून तो तेथे होता. त्याच्या केबिनमध्ये कोंबड्या अंडी घालीत, बोनेटवर आजी कुरडया वाळत घाली आणि मागच्या फाळक्यावर आम्ही पोरे सूरपारंब्या खेळत असू. हा ट्रक एके काळी चालत होता, हे आम्हांला ठाऊक होते. पण ते आजोबांच्या तरुणपणासारखेच ऐकीव होते.

आजोबांनी १९६६ साली तो जुनाच विकत घेतला होता. मानवतच्या जिनातून कापसाच्या गठाणी आणि सेलूची सरकी त्याने वाहिली. १९७२ च्या दुष्काळात त्याने धान्याची पोती गावोगाव पोहोचविली, असे आजी सांगे. पुढे पेट्रोल महागत गेले. इतरांनी आपापल्या गाड्यांना डिझेलचे इंजिन बसवून घेतले. आजोबांजवळ तेवढा पैसा नव्हता. शेवटी १९८६ साली त्यांनी ट्रक लिंबाखाली आणून लावला, तो लावलाच.

मागच्या दिवाळीत वडिलांनी तो भंगारात द्यावयाचे ठरविले. भंगारवाला येऊन लोखंडाचा अंदाज घेऊनही गेला. त्याच दिवशी मामा घरी आले होते. परभणीत गंगाखेड रस्त्याला त्यांचे छोटे गॅरेज आहे. त्यांनी ट्रकभोवती एक फेरी मारली, हँडल लावून पाहिले. ते जागचे हलेना. तरीही त्यांनी वडिलांकडून पाडव्यापर्यंतची मुदत मागून घेतली. दर रविवारी हाताखाली एक माणूस हवा होता. ते काम माझ्याकडे आले.

येथे एक गोष्ट प्रांजळपणे सांगितली पाहिजे. मी कला शाखेचा विद्यार्थी. सोमवारी वर्गात बसताना नखांतले काळे तेल कोणाला दिसू नये म्हणून मी हात बाकाखाली ठेवीत असे. रविवारी कोठे होतास, असे मित्रांनी विचारले तर अभ्यासाचे निमित्त सांगे. मामांनी माझे शिक्षण पाहून मला कधी हलके काम दिले नाही, की जडही दिले नाही. आणि मी मात्र त्यांच्या धंद्याची लाज बाळगीत होतो.

दुसऱ्या रविवारी केबिनमधली एक पाटी रॉकेलने पुसण्याचे काम मला मिळाले. गंजाखालून अक्षरे वर आली. फार्गो म्हणजे अमेरिकेतली गाडी, अशी माझी समजूत होती. पाटीवर मात्र प्रीमियर ऑटोमोबाईल्स आणि खाली मुंबई असे होते. आमच्या आखाड्यावरचा ट्रक मुंबईस तयार झाला होता! हा कारखाना कोणी काढला, या प्रश्नापासून मी ग्रंथालयात शोध घेऊ लागलो आणि शेठ वालचंद हिराचंद दोशी यांच्या चरित्राशी येऊन थांबलो. त्यांचे नाव इतिहासाच्या पुस्तकात एका ओळीत वाचल्याचे आठवत होते. परंतु त्या ओळीत किती माणूस मावला नव्हता, हे आता कळले.

वालचंदांचा जन्म सोलापूर येथे २३ नोव्हेंबर १८८२ रोजी एका गुजराती दिगंबर जैन घराण्यात झाला. वडील हिराचंद नेमचंद हे कापसाचे व्यापारी आणि सावकार; शिवाय जैन समाजातील सुधारक म्हणूनही प्रसिद्ध होते. मुलगा सोलापूर, मुंबई आणि पुणे येथे शिकला, परंतु पदवी न घेताच परतला. घरच्या व्यापारात बसवून पाहिले, तर त्यात नुकसान आले. पेढीवर बसून व्याज मोजणे हे या मुलाचे काम नव्हे, एवढेच त्यावरून सिद्ध झाले.

त्याच सुमारास त्यांची गाठ लक्ष्मणराव बळवंत फाटक यांच्याशी पडली. फाटक हे पूर्वी रेल्वेत कारकून होते. त्यांना रेल्वेच्या कामाची खडान्खडा माहिती होती. त्यांच्याजवळ पैसा तेवढा नव्हता. वालचंदांना पैसा उभा करता येत होता. त्यांच्याजवळ अनुभव नव्हता. दोघांनी मिळून ठेकेदारी सुरू केली. त्यांचे पहिले काम म्हणजे बार्शी लाईट रेल्वेचा येडशी ते तडवळे हा सुमारे सात मैलांचा तुकडा.

हे वाचताना मी पुस्तक खाली ठेवले. येडशी म्हणजे आपल्या मराठवाड्यातले, धाराशिव जिल्ह्यातले. परभणीहून परळी, लातूर करीत पंढरीला जाणारी आपली वारकरी मंडळी याच येडशीवरून जातात. त्या वेळी हा सारा निजामाचा मुलूख होता आणि ती अडीच फूट रुंदीची छोटी गाडी होती. तो अरुंद रूळ आता गेला, मोठा रूळ आला. तथापि पुढे ज्याने जहाजे, विमाने आणि मोटारी यांचे कारखाने उभे केले, त्याची पहिली खडी आपल्या माळावर पडली, ही गोष्ट मला फार जवळची वाटली.

पुढची काही वर्षे पूल, इमारती आणि रेल्वेचे रस्ते यांत गेली. टाटांबरोबर काढलेल्या बांधकाम कंपनीने बोरघाटात रेल्वेचे बोगदे खोदले. १९२६ साली वालचंदांनी इंडियन ह्यूम पाइप ही कंपनी काढली. आपल्याकडे गावाच्या ओढ्यावर रस्त्याखाली ज्या सिमेंटच्या जाड नळ्या असतात, त्यांना आपण आजही ह्यूम पाइपच म्हणतो. आमच्या आखाड्याच्या वाटेवरही अशा दोन नळ्या आहेत. त्यांवरून मी रोज सायकल नेत होतो. त्या नावामागे काही इतिहास असेल, असे कधी मनात आले नव्हते.

परंतु वालचंदांच्या आयुष्यातला ज्या प्रकरणाशी मी खिळून राहिलो, ते एका जुन्या बोटीचे. १९१९ साली पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. आगगाडीच्या प्रवासात वालचंदांना सुगावा लागला की ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांची लॉयल्टी नावाची बोट विकावयाची आहे. ही बोट १८९१ साली इंग्लंडमध्ये बांधलेली. आधी तिचे नाव एम्प्रेस ऑफ इंडिया असे होते आणि ती कॅनडातून जपान व चीनकडे पॅसिफिक महासागरात फेऱ्या करीत असे. १९१४ साली माधवराव शिंदे यांनी ती विकत घेतली आणि युद्धात जखमी सैनिकांसाठी तिचे तरंगते इस्पितळ केले. म्हणजे वालचंदांच्या नजरेस ती पडली तेव्हा तिला अठ्ठावीस वर्षे झाली होती आणि तिचे दोन जन्म पुरे झाले होते.

शहाण्या माणसाने अशा बोटीची किंमत लोखंडाच्या भावाने केली असती. वालचंदांनी ती चालवावयाची ठरविली. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लुभाई सामळदास या मंडळींच्या सहकार्याने सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. बोट शिंद्यांची म्हणून कंपनीलाही त्यांचेच नाव पडले. ५ एप्रिल १९१९ रोजी लॉयल्टी मुंबईहून लंडनकडे निघाली. खुद्द वालचंद आणि नरोत्तम मोरारजी त्या बोटीवर होते. हिंदी मालकीची बोट साहेबाच्या देशाकडे निघाली, याचे त्या काळी केवढे अप्रूप वाटले असेल! १९६४ पासून ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो, तो याच प्रवासाच्या स्मरणार्थ.

येथपर्यंतची कथा भाषणांत नेहमी ऐकावयास मिळते. पुढची सहसा सांगत नाहीत. लॉयल्टीने कंपनीला फायदा मिळवून दिला नाही. दुरुस्ती आणि फेरबांधणी यांत पैसा गेला, वेळ गेला, आणि १९२३ साली ती बोट अखेर मोडीत निघाली. हे वाचले त्या रात्री मला झोप लागली नाही. आमचा फार्गो डोळ्यांपुढे उभा राहिला. अठ्ठावीस वर्षांच्या बोटीने इतक्या मोठ्या माणसाला दाद दिली नाही; मग अडतीस वर्षे उभा राहिलेला ट्रक मामांना काय देणार होता?

दुसऱ्या दिवशी मी हे सारे मामांना सांगितले. ते पॉइंटला पॉलिशपेपर मारीत होते. बोट मोडली, पण कंपनी राहिली ना, एवढेच त्यांनी विचारले. मी पुस्तक पुन्हा उघडले. मामांचे खरे होते. किनाऱ्यावरची वाहतूक तेव्हा लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीच्या मुठीत होती. नवी कंपनी आलेली पाहताच त्यांनी मालाचे दर पाडले. तोटा सोसून समोरच्याला बुडवावयाचे, असा तो डाव होता. सिंदिया विकत घेण्याचीही तयारी दाखविण्यात आली. मालकांनी ती विकली नाही. १९२३ साली दहा वर्षांचा करार झाला. त्यात सिंदियाला किनाऱ्यावरच्या मालवाहतुकीत वाटा मिळाला, परंतु वाढीवर बंधने आली. करार अपमानाचा होता, पण कंपनी तगली. १९२९ साली नरोत्तम मोरारजी वारल्यावर वालचंद तिचे अध्यक्ष झाले आणि पुढे ही कंपनी देशातील सर्वांत मोठ्या जहाज कंपन्यांपैकी एक झाली.

माळरानाचीही तीच तऱ्हा. इंदापूर तालुक्यातील कळंब येथे निवडुंग आणि साप यांनी भरलेली जमीन होती. तेथे वालचंदांनी ऊस लावला. १९३४ च्या सुमारास साखर कारखाना उभा राहिला आणि त्याभोवती वालचंदनगर वसले. दुसऱ्याने टाकलेले उचलावयाचे आणि चालते करावयाचे, हा जणू त्यांचा हातखंडा होता.

आता मोटारीकडे येतो. हिंदुस्थानात मोटारीचा कारखाना निघावा, ही योजना मुळात सर विश्वेश्वरय्या यांची. वालचंदांनी ती उचलून धरली आणि अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीशी बोलणी केली. १९३९ साली अमेरिकेहून परत येताना विमानात त्यांना विल्यम पॉली नावाचे गृहस्थ भेटले. त्यांचा चीनमध्ये विमाने जोडण्याचा कारखाना होता. मोटारीचा कारखाना काढावयास गेलेला मनुष्य विमानाच्या कारखान्याचा विचार घेऊन परतला! २३ डिसेंबर १९४० रोजी म्हैसूर संस्थानच्या साहाय्याने बंगलोरला हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनी निघाली आणि १९४१ साली तेथे जोडलेले पहिले विमान उडाले. त्याच वर्षी २१ जून रोजी विशाखापट्टणमला जहाज बांधण्याच्या कारखान्याची कोनशिला राजेंद्रप्रसादांच्या हस्ते बसली.

दोन्ही कारखाने त्यांच्या हाती राहिले नाहीत. युद्ध जवळ आले तसा १९४२ साली सरकारने वालचंदांचा भाग विकत घेऊन विमानांचा कारखाना ताब्यात घेतला. विशाखापट्टणमवर ६ एप्रिल १९४२ रोजी जपानी बाँब पडले आणि तेथले काम रेंगाळले. तेथील पहिले जहाज जलउषा १४ मार्च १९४८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात उतरले. १९५२ साली त्या कारखान्यातही सरकारचा वाटा मोठा झाला. आज बंगलोरचा कारखाना हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणून देशाची लढाऊ विमाने बांधतो. तेथे काम करणाऱ्या किती जणांना सोलापूरच्या या माणसाची आठवण असेल, कोण जाणे.

मोटारीच्या कारखान्याला तर इंग्रज सरकारने युद्धकाळात परवानगीचा हात पुढे केलाच नाही. तरीही १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी स्थापन झाली आणि १९४७ साली कुर्ल्याच्या कारखान्यातून गाड्या बाहेर पडू लागल्या. सुरुवातीस परदेशी भाग आणून जोडणी होई; नंतर हळूहळू एकेक भाग येथे तयार होऊ लागला. डॉज, डिसोटो आणि आमचा फार्गो ही याच घरची भावंडे. पुढे इटलीच्या फियाट कंपनीशी करार झाला आणि त्यातूनच मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी झालेली पद्मिनी आली. शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ साली मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. कुर्ल्याचा तो कारखानाही आता राहिलेला नाही.

वालचंदांनी हे सारे वैभव फार दिवस पाहिले नाही. १९४९ साली त्यांना अर्धांगवायूचा झटका आला, पुढच्या वर्षी त्यांनी कामातून अंग काढून घेतले आणि ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातेत सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. अखेरपर्यंत पत्नी कस्तुरबाई त्यांच्या सेवेत होत्या. सांगलीचे अभियांत्रिकी महाविद्यालय आणि सोलापूरचे महाविद्यालय त्यांचे नाव आजही चालवीत आहेत.

त्यांना देवत्व देण्याची आवश्यकता नाही. ते व्यापारी होते, नफ्यासाठी धंदा करीत होते, आणि आपला फायदा व देशाचा फायदा एकच आहे, असे त्यांनी सोयीने मानले असेही कोणी म्हणेल. एक काम पुरे होण्याआधी दुसऱ्यात उडी घेण्याची त्यांची सवय भागीदारांना जड गेली असेल. आणखी एक गोष्ट मला खटकते. लॉयल्टीवर कोण मोठी माणसे बसली होती हे पुस्तकांत सापडते. परंतु त्या थकलेल्या बोटीच्या पोटात उतरून, बॉयलरशी झुंजून तिला लंडनपर्यंत ज्यांनी नेले, त्या खलाशांची आणि फिटरांची नावे मला कोठेही आढळली नाहीत.

म्हणून येथे फार्गोच्या मिस्तरीचे काम तरी लिहून ठेवतो. मामांनी प्रथम सहाही प्लग काढून भोकांतून तेल व डिझेल यांचे मिश्रण ओतले आणि इंजिन तीन आठवडे तसेच भिजत ठेवले. मग हँडलला हिसका न देता, रोज थोडे पुढे, थोडे मागे असे करून अडकलेले पिस्टन सोडविले. टाकीत लहान गोटे टाकून आम्ही ती हलवून हलवून आतला गंज काढला. उंदरांनी वायरिंग खाल्ले होते, ते नवे घातले. रेडिएटरला झाळ लावली, व्हॉल्व्ह घासले, ब्रेकची रबरे बदलली. एक पार्ट हैदराबादच्या जुन्या बाजारातून आला. एक कोठेच मिळेना, तो मामांनी परभणीतच लेथवर करून घेतला. दोनदा सारे जुळवून पाहिले आणि दोन्ही वेळा इंजिनाने नुसता धूर ओकला. त्या दिवशी वडील काही बोलले नाहीत, पण भंगारवाल्याचा नंबर त्यांनी पुन्हा शोधला, हे मी पाहिले.

पाडव्याच्या आदल्या दिवशी मामांनी टाकीऐवजी वर टांगलेल्या बाटलीतून पेट्रोल सोडले, टायमिंग किंचित फिरविले आणि हँडल माझ्या हाती दिले. पाचव्या फेऱ्याला इंजिन खोकले. सातव्याला धरले. लिंबावरचे पक्षी उडाले, कोंबड्या ओरडत पळाल्या. आजी ओट्यावरून उठून आली आणि तिने पदर डोळ्यांना लावला. ट्रक आखाड्यावरून निघून दोन ह्यूम पाइपांवरून रस्त्याच्या कडेपर्यंत गेला आणि परत आला. पुढे डांबरी रस्त्यावर त्याला जाता येत नाही. त्याचे कागद केव्हाच संपले आहेत. जेमतेम तीनशे पावलांचा तो प्रवास. वडिलांनी भंगाराचा विषय पुन्हा काढलेला नाही.

मित्रहो, आपल्यापैकी कोणी वालचंद होईल की नाही, हे मला सांगता येणार नाही. त्यांची लॉयल्टी मोडली, विमाने आणि जहाजे सरकारकडे गेली, मोटारीचा कारखाना काळाने नेला. परंतु ज्या ज्या उभ्या राहिलेल्या गोष्टीला त्यांनी हात घातला, ती एकदा तरी चालली आणि तिच्यामागून दुसरे काहीतरी चालू झाले. असा हात ज्याच्याजवळ आहे, असा एक माणूस माझ्याच घरात होता आणि मी त्याची ओळख लपवीत होतो.

पाडव्यानंतरच्या सोमवारी मी वर्गात हात बाकावर ठेवून बसलो. शेजारच्या मित्राने नखांकडे पाहून विचारले, तेव्हा त्याला सारे सांगितले. येत्या रविवारी तोही आखाड्यावर येणार आहे.